कॉलम तोच, वाफ कमी: उद्यमबागेतल्या कंट्रोलवाल्यांचं काम कसं झालं

चिकोडी तालुक्यात दूधगंगेच्या काठाला आमचा कारखाना, आणि मी तिथल्या डिस्टिलरीचा शिफ्ट इन्चार्ज. गेल्या ऑफ सीझनला बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका छोट्या कंपनीला बोलावून कॉलमच्या, म्हणजे अल्कोहोल उकळून वेगळं करणाऱ्या उंच मनोऱ्यांच्या, ऑटोमॅटिक कंट्रोलचं काम करून घेतलं. त्यावर एक अख्खा हंगाम काढून झाला. तेव्हापासून निपाणी, संकेश्वर, अथणी, रायबाग, पलीकडे कागलपर्यंतच्या डिस्टिलरीवाल्यांचे फोन चालू आहेत. कसं झालं काम, घालावेत का पैसे, असं विचारतात. प्रत्येकाला फोनवर निम्मंअर्धं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. कंपनीचं नाव इथे टाकत नाही, कारण मला कामाबद्दल बोलायचं आहे. ओळखीतल्यांनी विचारलं तर सांगेनच.

आधी निकाल सांगून टाकतो. काम चांगलं झालं. वाफ कमी लागते, माल एकसारखा येतो आणि रात्रपाळीला बोर्डवर (कंट्रोल रूममधल्या स्क्रीनसमोर) बसणाऱ्याच्या जिवाला घोर राहिलेला नाही. उणिवा आहेत, त्यातल्या काही मला अजूनही खटकतात. पण पुन्हा करायचं झालं तर याच माणसांना बोलवेन.

आमचा प्लांट मल्टिप्रेशरचा, म्हणजे कॉलम वेगवेगळ्या दाबांवर चालणारा. ज्यांच्याकडे अजून वातावरणाच्या दाबावरचे जुने कॉलम आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात ॲनालायझर, म्हणजे वॉशमधून (आंबवलेल्या द्रवातून) अल्कोहोल बाहेर काढणारा कॉलम, व्हॅक्यूममध्ये चालतो आणि रेक्टिफायर, म्हणजे ते अल्कोहोल घट्ट करणारा कॉलम, दाबाखाली. बॉयलरची वाफ जाते ती रेक्टिफायरच्या रिबॉयलरला (तळाला उष्णता देणाऱ्या भांड्याला). रेक्टिफायरच्या माथ्यावरून जी अल्कोहोलची वाफ निघते ती कूलिंग टॉवरच्या पाण्यात वाया न घालवता ॲनालायझरच्या रिबॉयलरमध्ये नेतात. तिथे ती थंड होते आणि होता होता ॲनालायझरमधल्या वॉशला उकळी आणते. म्हणजे एकाच उष्णतेकडून दोनदा काम. व्हॅक्यूममुळे ॲनालायझर कमी तापमानाला चालतो, त्यामुळे ट्रेवर (कॉलममधल्या थरांवर) क्षार धरायचं प्रमाणही कमी राहतं. पुढे मॉलिक्युलर सीव्हचे (उरलेलं पाणी शोषणाऱ्या दाण्यांचे) दोन बेड, आणि तिथून साडेनव्याण्णव टक्क्यांच्या वरचं इथेनॉल टँकरमध्ये.

कागदावर ही रचना फार सुंदर आहे. चालवताना मात्र दोन्ही कॉलम एका जुवाला बांधलेल्या बैलांसारखे वागतात, एक अडखळला की दुसऱ्याच्या मानेला झटका बसतो. रेक्टिफायरचा दाब जरा पडला की ॲनालायझरला मिळणारी उष्णता तुटते. मग ॲनालायझरच्या तळातून अल्कोहोल स्पेंटवॉशबरोबर (अल्कोहोल काढून उरणाऱ्या टाकाऊ द्रवाबरोबर) निघून जायला लागतं, वर पोचणारा माल कमी होतो, रेक्टिफायरची फीड (आत येणारा माल) बदलते आणि त्याचा दाब पुन्हा हलतो. जुन्या पद्धतीत प्रत्येक कॉलमची वाफ वेगळी होती, एक बिघडला तर त्याच्यापुरतं सावरता यायचं. वाफ वाचवताना ती मोकळीक गेली.

त्यात धक्के चारी बाजूंनी. फर्मेंटर (आंबवण्याची टाकी) बदलला की वॉशमधलं अल्कोहोल बदलतं. सीव्हचा बेड दर काही मिनिटांनी फिरतो आणि रीजनरेशनमधून (बेड पुन्हा कोरडा करताना) निघालेलं पातळ अल्कोहोल रेक्टिफायरकडे परत येतं, तेही ठोके पडावेत तसं. कच्चा मालही कायम एक नसतो. ७ डिसेंबर २०२३ला केंद्राने उसाचा रस आणि सिरपपासून इथेनॉल करायला मनाई केली, नंतर ती थोडी सैल केली आणि २०२४च्या ऑगस्टअखेर उठवली. त्या काळात अनेकांना भर हंगामात मोलॅसिसवर (मळीवर) यावं लागलं, आणि सिरपच्या स्वच्छ वॉशवर बसवलेले सगळे सेटपॉइंट (ठरवून दिलेले आकडे) गाळवाल्या वॉशवर उघडे पडले.

अशा वेळी बोर्डमन काय करणार? वाफ जास्त ठेवणार. त्यात त्याची चूक काही नाही. माल पातळ आला तर टँकर परत येतो, स्पेंटवॉशमध्ये अल्कोहोल गेलं तर लॅबमधून बोलणी बसतात, वाफ जास्त गेली तर त्या क्षणी कुणी विचारत नाही. ती जास्तीची वाफ कुठे जाते हे मात्र बघण्यासारखं आहे. ॲनालायझरला जेवढी हवी तेवढी उष्णता घेऊन उरलेली अल्कोहोलची वाफ ट्रिम कंडेन्सरकडे (पाण्याने थंड करायला) सोडली जाते, त्यावरच रेक्टिफायरचा दाब धरलेला असतो. आमच्याकडे तो ट्रिम व्हॉल्व्ह चोवीस तास निम्म्याच्या वर उघडा असायचा. दोनदा काम करायला आणलेली उष्णता एकदाच काम करून कूलिंग टॉवरला जात होती.

एका मोठ्या कंपनीचं कोटेशन आधी आलं होतं. सगळी डीसीएस (प्लांट चालवणारी कॉम्प्युटर यंत्रणा) बदला, वर मॉडेलवर चालणारं प्रेडिक्टिव्ह कंट्रोल घाला, असं त्यांचं म्हणणं. ते तंत्र खोटं नाही, रिफायनऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं चालतं. पण खालचे व्हॉल्व्ह आणि ट्रान्समीटर (मोजमाप पाठवणारी उपकरणं) धड नसताना वर कितीही हुशार प्रोग्रॅम घातला तरी तो चुकीच्या आकड्यांवरच हुशारी करणार. त्यांचा माणूस कंट्रोल रूममधून बाहेर कॉलमकडे आलासुद्धा नाही. तो प्रस्ताव आम्ही बाजूला ठेवला.

उद्यमबागेतून दोघं आले. एक तरुण इंजिनिअर मॅडम आणि त्यांच्याबरोबर इन्स्ट्रुमेंटचं काम हातात मुरलेले एक काका. मॅडमनी स्क्रीनवरचं रंगीत चित्र बघितलंच नाही, थेट ट्रेंड (मोजमापांचे आलेख) उघडले. वाफेच्या फ्लोची रेघ सतत वर-खाली, करवतीच्या दातासारखी. आमचे सगळ्यात जुने बोर्डमन, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते म्हणाले, "मॅडम, बॉयलरचंच प्रेशर हलतंय, पहिल्यापासनं असंच आहे की हे."

"अण्णा, जरा ऑटोतनं काढून मॅन्युअलला टाका बघू."

अण्णांनी टाकलं. थोड्या वेळात रेघ सपाट झाली. बॉयलर हलवत असता तर मॅन्युअलमध्येही हलली असती, तेव्हा हेलकावा त्या लूपमधूनच (मोजायचं आणि त्याप्रमाणे व्हॉल्व्ह फिरवायचा, या साखळीतूनच) येत होता. मग मॅडमनी व्हॉल्व्हला अर्धा अर्धा टक्का सिग्नल वाढवत नेला. पहिल्यांदा वाढवला, फ्लो जागचा हलला नाही. पुन्हा वाढवला, नाही. आणखी वाढवला, आणि व्हॉल्व्ह एकदम उडी मारून पुढे गेला. काकांनी व्हॉल्व्हच्या ग्लँडवर (दांड्याभोवतीच्या सीलवर) हात ठेवून सांगितलं की हे पॅकिंग आवळून आवळून दगड झालंय. खरं होतं. दर हंगामात गळती दिसली की कुणीतरी पाना घेऊन नट आवळायचा, स्टेम (व्हॉल्व्हचा दांडा) अडकत चालला होता. कंट्रोलर हळूहळू सिग्नल वाढवतो, व्हॉल्व्ह ऐकत नाही, मग एकदम ऐकतो, तोवर सिग्नल गरजेपेक्षा पुढे गेलेला, मग उलटा प्रवास. असा व्हॉल्व्ह असताना पीआयडीचे (कंट्रोलरच्या सेटिंगचे) आकडे कितीही फिरवा, हेलकावा थांबत नाही, फक्त लांब किंवा आखूड होतो. काकांनी पॅकिंग बदललं, स्टेम साफ केला, पोझिशनर (सिग्नलप्रमाणे व्हॉल्व्ह हलवणारा भाग) नव्याने कॅलिब्रेट केला. ट्यूनिंगला हात न लावता निम्मं काम तिथेच झालं.

त्यानंतर त्यांनी असेच एकेक करून बाकीचे व्हॉल्व्ह आणि ट्रान्समीटर तपासले. ॲनालायझरच्या डीपी (दाबातला फरक मोजणाऱ्या) ट्रान्समीटरची खालची लाइन वॉशच्या गाळाने अर्धी बुजलेली निघाली. म्हणजे कॉलम फ्लड होतोय (द्रवाने तुंबतोय) की नाही हे सांगणारं एकमेव उपकरण झोपेत होतं. सुरुवातीचा बराच काळ याच कामात गेला आणि आमचे साहेब अस्वस्थ झाले होते की कंट्रोलवाले बोलावले आणि हे पाने घेऊन फिरतायत. माझ्या मते पैशाचं सगळ्यात मोठं चीज याच टप्प्यात झालं.

दुसरी गोष्ट ट्रेची. आमच्या रेक्टिफायरमध्ये बोर्डमनची नजर कायम टॉप टेंपरेचरवर. वर्षानुवर्षांची सवय. मॅडमनी कागदावर दाखवलं ते मी इथे मांडतो, कारण बहुतेक प्लांटमध्ये अजून तेच चालतं. वातावरणाच्या दाबाला शुद्ध इथेनॉल ७८.४ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. पाणी-अल्कोहोलचं जे घट्ट मिश्रण डिस्टिलेशनने फुटत नाही, वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांचं, ते ७८.२ला. म्हणजे माथ्यावर सगळा खेळ पाव अंशाच्या आत. आणि त्याच दाबाजवळ दाबात ०.०१ बारचा फरक पडला तरी उकळबिंदू साधारण पाव अंशाने हलतो. तेव्हा टॉपला काटा हलला तर तो मालाचा जोर सांगतोय की दाबाचा चढउतार, हे कळायला मार्गच नाही. आम्ही टॉप टेंपरेचर बघून रिफ्लक्स (कॉलममध्ये परत सोडलेलं अल्कोहोल) वाढवत होतो तेव्हा बऱ्याच वेळा दाबालाच उत्तर देत होतो.

खाली, फीडच्या आसपासच्या ट्रेंवर गोष्ट वेगळी. तिथे अल्कोहोलचं प्रमाण काही ट्रेंमध्येच झपाट्याने उतरतं आणि तापमान तितक्याच झपाट्याने चढतं. तिथला काटा कॉलममधल्या अल्कोहोलचा साठा दाखवतो. त्यांनी त्या भागातल्या ट्रेंवरची तापमानं वेगवेगळ्या लोडला उतरवून घेतली, सगळ्यात जास्त हलणारा ट्रे निवडला आणि त्यावर नवीन आरटीडी (तापमानाचा सेन्सर) बसवला. दाबाप्रमाणे तापमानाची दुरुस्तीही प्रोग्रॅममध्ये घातली. आता त्या ट्रेचं तापमान वर जायला लागलं की स्पिरिटचा ड्रॉ (बाहेर काढायचं प्रमाण) आपोआप थोडा कमी होतो, कारण मधलं अल्कोहोल आपण गरजेपेक्षा जास्त ओढतोय असा त्याचा अर्थ. उतरलं की ड्रॉ वाढतो. रिफ्लक्स ड्रमची पातळी रिफ्लक्सच्या व्हॉल्व्हवर सांभाळली. याच भागात फ्युझेल ऑइल (जड अल्कोहोलांचं तेलकट मिश्रण) साचतं, ते वेळेवर काढलं नाही तर या तापमानावरचा भरवसा कमी होतो, हे त्यांनी अण्णांना तीन-तीनदा बजावलं. आता फ्युझेलचा ड्रॉ कुणी विसरत नाही.

मग आला ट्रिम व्हॉल्व्ह, आणि हे मला संपूर्ण कामातलं सगळ्यात डोकेबाज वाटलं. रेक्टिफायरचा दाब धरायचं काम ट्रिम व्हॉल्व्हकडेच ठेवलं, कारण ते त्याला पटकन जमतं. पण वर एक संथ कंट्रोलर घातला, जो फक्त ट्रिम व्हॉल्व्ह किती उघडा आहे ते बघतो. दहा टक्क्यांच्या वर उघडा राहिला की याचा अर्थ उष्णता उरतेय, मग तो वाफ थोडी उतरवतो. दहाच्या खाली आला की वाफ थोडी चढवतो. व्हॉल्व्ह पूर्ण मिटू देत नाही, कारण मग दाब धरायला हातात काही उरत नाही. अत्यंत सावकाश चालतो, बोर्डमनला जाणवतही नाही. वाफेची बचत खरी झाली ती इथे. नवीन पत्रा नाही, नवीन कॉलम नाही.

अर्थात ॲनालायझरच्या तळातून अल्कोहोल निसटत नाही ना, हे बघायला लॅबचा स्पेंटवॉशचा नमुना लागतोच. सुरुवातीला आम्ही तो नेहमीपेक्षा वरचेवर घ्यायला लावला. वाफ कमी करताना ही चाचणी सोडू नका, नाहीतर एका हाताने वाचवलेलं दुसऱ्या हाताने ओढ्याला जाईल.

फीड बदलली की वाफही त्या प्रमाणात बदलते, हा रेशोही दिला. त्यात मुद्दाम उशीर ठेवलाय. वॉश ट्रेमागून ट्रे उतरत तळाला पोचायला वेळ घेतं, वाफ मात्र क्षणात वर जाते. फीड वाढवताक्षणी वाफ वाढवली तर ती वाफ वॉशच्या आधी पोचते आणि कॉलममधल्या तापमानांचं सगळं प्रोफाइल बिघडवते. या छोट्या उशिराने फर्मेंटर बदलतानाची धांदल जवळजवळ संपली. डीपी एका मर्यादेपलीकडे गेला तर वाफेवर आपोआप लगाम येतो, तेही चांगलं काम करतं.

सुरक्षेच्या बाबतीत माणसं शिस्तीची निघाली. हवा गेली तर वाफेचा व्हॉल्व्ह मिटतो आणि कूलिंगच्या पाण्याचा उघडतो, हे त्यांनी प्रत्येक व्हॉल्व्हची हवा काढून आमच्यासमोर दाखवलं. परमिट घेतल्याशिवाय प्लांटमध्ये लॅपटॉप उघडला नाही. अल्कोहोलच्या प्लांटमध्ये ही गोष्ट मी सगळ्यात वर धरतो.

आता उणिवा.

अलार्म. प्रत्येक लूपला हाय, हायहाय, लो, लोलो असे सरसकट अलार्म लावून टाकले. स्टार्टअपला स्क्रीन लाल होते आणि बझर थांबत नाही. रात्रपाळीने शेवटी बझर बंद ठेवायला सुरुवात केली, मग खरा अलार्मही त्यातच बुडाला. मी तक्रार केल्यावर त्यांनी यादी छाटली, पण तोवर हंगाम बराच पुढे गेला होता. हे काम सोपवतानाच बसून ठरवायला हवं.

स्टार्टअप. उष्णता जोडलेल्या कॉलमचं खरं अवघड काम हेच असतं, कारण रेक्टिफायरला दाब आल्याशिवाय ॲनालायझरला उष्णता नाही आणि ॲनालायझर चालल्याशिवाय रेक्टिफायरला माल नाही. तो भाग त्यांनी पूर्ण आमच्यावर सोडला. सगळं मॅन्युअलमध्ये, अण्णांच्या अंदाजावर. अण्णा निवृत्त होतील तेव्हा काय? क्रमाने टप्पे लिहून देणं त्यांना जड नव्हतं.

कागदपत्रं सगळी इंग्रजीत. आमच्या शिफ्टमध्ये निम्मी मुलं कन्नड शाळेतली, निम्मी मराठी. मी आणि लॅबमधल्या सहकाऱ्याने मिळून दोन्ही भाषांत एकेक पानाची कार्डं केली आणि प्लास्टिक घालून बोर्डशेजारी लावली. अशी कार्डं कंपनीनेच द्यावीत. शिकवताना मात्र मॅडम दोन्ही भाषांत सफाईने बोलत होत्या, मुलांना शंका विचारायला संकोच वाटला नाही, हे मोठं काम आहे.

व्हॉल्व्हचं पॅकिंग, पोझिशनरचे सुटे भाग यांचा खर्च कोटेशनमध्ये नव्हता, नंतर वेगळा आला. रक्कम वाजवी होती, तरी आधी सांगायला हवं होतं. प्रोग्रॅमची बॅकअप प्रत आणि पासवर्डही मागून घ्यावे लागले. हे करारात लिहून घ्या. हंगामात फोनवर माणूस लगेच मिळतो, प्रत्यक्ष यायला मात्र वेळ लागतो. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते भरलेले असतात आणि त्यांच्याकडे माणसंच मोजकी.

एका गोष्टीवर आमचं अजून एकमत नाही. स्पिरिटच्या लाइनवर घनता मोजणारं ऑनलाइन मीटर घालावं असं माझं म्हणणं होतं. मॅडम म्हणाल्या, ट्रे टेंपरेचर पुरतं, लॅबची तपासणी आहेच. हंगाम बघितल्यावरही मला ते मीटर हवंच आहे. ट्रेचं तापमान कॉलमला सांभाळतं, पण टँकरमध्ये काय जातंय ते थेट दिसलेलं बरं.

लिटरमागे किती वाफ वाचली तो आमचा आकडा इथे टाकत नाही, कारण प्रत्येकाचा कच्चा माल, लोड आणि मीटर वेगळे, त्यावरून उगाच तुलना होते. एवढं सांगतो की एक किलो बगॅसपासून (बॉयलरमध्ये जळणाऱ्या उसाच्या चिपाडापासून) साधारण दोन-सव्वादोन किलो वाफ मिळते, आणि हंगाम संपला तेव्हा आमच्या यार्डात बगॅसचा ढीग बघून बॉयलरवाले स्वतः विचारायला आले.

हे काम कुणी करावं? ज्यांच्याकडे मल्टिप्रेशर आहे, ट्रान्समीटर बऱ्यापैकी आहेत आणि तरी वाफेचा आकडा पुरवठादाराने सांगितलेल्या आकड्याच्या जवळ येत नाही, त्यांनी जरूर करावं. जुने वातावरणाच्या दाबावरचे कॉलम असतील तर कंट्रोलने थोडाफार फायदा होईल, पण आधी कॉलमचाच विचार करावा लागेल. ट्रे घाण असतील, व्हॅक्यूम गळत असेल तर आधी ते. आणि काम ऑफ सीझनलाच धरा, पण ट्यूनिंगसाठी त्यांना हंगामाच्या पहिल्या आठवड्यात परत यायला लावा, पाण्यावर केलेलं ट्यूनिंग वॉशवर टिकत नाही.

बोलवायचं ठरलं तर त्याआधी लॉगशीटमध्ये एक रकाना वाढवा आणि ट्रिम व्हॉल्व्ह किती टक्के उघडा आहे ते दर तासाला लिहायला लावा. फर्मेंटर कधी बदलला तेही त्याच शीटवर. मॅडम आल्या की पहिल्यांदा तेच मागतात.